घर गेले, तरी हिशेब मागा

परवा एका वाडीवर गेलो होतो. भावाच्या ओसरीवर चूल मांडलेल्या एक बाई म्हणाल्या, "साहेब, घराचा लिलाव झाला. आता बँकेत कुठल्या तोंडानं जायचं?"

"ताई, ताठ मानेनं जा," मी म्हणालो.

बंधुभगिनींनो, २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक गहाण घर विकू शकते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. पण त्याच्याच कलम १३(७) प्रमाणे विक्रीतून आधी खर्च, मग बँकेचे येणे वळते करून उरलेली रक्कम हक्कदाराला द्यावी लागते. समजा, घर ९ लाखांना गेले. येणे ६ लाख, खर्च ४० हजार. उरले २ लाख ६० हजार. घरावर दुसऱ्या कोणाचा बोजा नसेल, तर ते तुमचे.

बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. किंमत, खर्च, व्याज यांचा तपशील मागा. प्रतीवर पोच घ्या. कर्जदार हयात नसेल, तर वारसाची कागदपत्रे जोडा. दाद लागली नाही, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तेथे मोफत वकील मिळतो.

ताईंचा अर्ज त्याच ओसरीवर लिहिला. सही त्यांनी स्वतः केली.