चाल सगळ्यांची, गाणे कोणाचे?

स्वतः गाणे लिहिणारा, स्वतःच चाल बांधणारा आणि गिटार घेऊन ते स्वतःच गाणारा कलावंत अमेरिकेत ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणून ओळखला जातो. त्यांतले काही जण मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आधाराशिवाय उभे राहिले. त्यांनी गाणी स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रित केली, स्वतःच विकली आणि त्यांची मालकी स्वतःकडे ठेवली. या स्वतंत्र कलावंतांची चर्चा बहुतेक वेळा त्यांच्या एकटेपणाभोवती फिरते. त्यांची गाणी मात्र एकट्याने उगवलेली नसतात. त्यांच्या बोटांची चलाखी कोणा खाणकामगाराकडून आलेली असते, चाल कुठल्या तरी चर्चच्या भजनातून आलेली असते, आणि वाजवण्याची नवी तऱ्हा एखाद्या घरकाम करणाऱ्या बाईने शोधलेली असते. या संगीताचा इतिहास म्हणूनच मुळांचा आहे, तितकाच मालकीचाही आहे.

जुन्या चालीवर नवे शब्द बसवण्याची रीत मराठी वाचकाला परकी नाही. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे छापून मूळ गाण्याचे पहिले शब्द दिलेले असत. उसनवारीची ती उघड पोच होती. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ मुलखात गाणी तोंडातोंडी फिरत, त्यामुळे अशी पोच लिहून ठेवण्याची कोणाला गरजच पडली नाही. तबकडीचा धंदा सुरू झाला आणि गाण्यावर नाव कोणाचे, या प्रश्नाला पहिल्यांदाच पैशाची किंमत आली.

ही किंमत समजण्यासाठी धंद्याचे गणित पाहावे लागते. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. पहिला हक्क ज्याच्या नावावर असेल, त्याला ते गाणे दुसऱ्या कोणीही तबकडीवर आणले तरी रॉयल्टी मिळते. दुसरा हक्क ज्याच्याकडे असेल, ती तबकडी बाजारात ठेवायची की बंद करायची हे तो ठरवतो. गाणाऱ्याच्या हातून हे दोन्ही हक्क सहज निसटत.

१९२७च्या उन्हाळ्यात रॅल्फ पीअर हा व्हिक्टर कंपनीचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात यंत्रसामग्री घेऊन आला. तिथे गायला आलेल्यांत कार्टर कुटुंब होते: ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि सारा हिची मावसबहीण व धाकटी जाऊ मेबेल. रचनेचा हक्क प्रकाशक म्हणून आपल्याकडे घ्यायचा, ही पीअरची खरी कमाई होती. त्यामुळे त्याला अशी गाणी हवी असत जी कोणाच्या तरी नावावर नोंदवता येतील. ए. पी. मग डोंगरातल्या घराघरांतून जुनी गाणी गोळा करत हिंडू लागला. काही वर्षे त्याच्या सोबतीला लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. अपघातांत त्याचा एक पाय आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. ए. पी. शब्द टिपून घेई आणि रिडल चाल डोक्यात साठवून आणी. गाणी नोंदली गेली ती ए. पी.च्या नावावर. मेबेल तर रिडलकडून गिटारवादनातल्या काही तऱ्हाही शिकली. अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवायची आणि तर्जनीने बारीक तारा छेडत ठेका धरायचा, ही तिची पद्धत पुढे हजारो वादकांनी उचलली. रिडलचे नाव त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होते. १९६५मध्ये माइक सीगर या लोकसंगीत संग्राहकाने त्याला शोधून काढले, तेव्हा कुठे त्याचे वादन ध्वनिमुद्रित होऊ लागले.

कार्टर कुटुंबाच्या चाली ज्यांनी मनसोक्त वापरल्या, त्यांत वुडी गथ्री सर्वांत पुढे होता. १९१२ साली ओक्लाहोमातल्या ओकीमा गावी तो जन्मला. वडिलांचा जमीनजुमल्याचा धंदा बुडाला, आईला हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार जडला. पुढे त्याच आजाराने १९६७मध्ये वुडीही गेला. १९३०च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाली आणि हजारो कुटुंबांबरोबर तोही कॅलिफोर्नियाला निघून आला. लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर तो गात असे, आणि ऐकणारे त्याच्याच मुलखातून उखडलेले लोक असत. १९४० साली त्याने लिहिलेले ‘धिस लँड इज युअर लँड’ आज अमेरिकेत शाळेतल्या मुलांनाही येते. त्याची चाल कार्टर कुटुंबाच्या एका गाण्याशी मिळतीजुळती आहे, आणि त्या गाण्याची चाल त्याहून जुन्या चर्चच्या भजनातली. १९४१मध्ये कोलंबिया नदीवरच्या धरणांच्या प्रचारासाठी सरकारी वीजखात्याने त्याला महिनाभर कामावर ठेवले. त्या महिन्यात त्याने २६ गाणी लिहिली आणि त्याला सुमारे २६६ डॉलर मिळाले. ओळखीच्या चाली हाताशी असल्याशिवाय हा वेग शक्यच नव्हता.

पण उसनवारी नेहमीच इतकी निरागस नसते. एलिझाबेथ कॉटन या बाईची कहाणी त्यासाठी सविस्तर सांगायला हवी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनातल्या कार्बरोजवळ एका कृष्णवर्णीय कुटुंबात ती जन्मली. घरात भावाची बँजो आणि गिटार होती. तो कामावर गेला की ती हळूच वाजवून पाही. शाळा लवकर सुटली आणि ती लोकांच्या घरी कामाला लागली. महिन्याला जेमतेम एक डॉलर मिळे. त्यातून साठवून तिने ३ डॉलर ७५ सेंटला स्वतःची गिटार घेतली. ती डावखुरी होती, गिटार उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली. तिने तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक वर. बहुतेकांचा अंगठा खर्जाचा ठेका धरतो आणि बोटे चाल वाजवतात. तिचे नेमके उलटे झाले: खर्ज तर्जनीने आणि चाल अंगठ्याने. तिच्या वादनात एक मऊ, डुलणारी लय आहे, ती या उलटेपणातून आली. आज ही पद्धत ‘कॉटन पिकिंग’ या नावाने शिकवली जाते.

घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिने लहानपणीच एक गाणे रचले: ‘फ्रेट ट्रेन’. पुढे लवकर लग्न झाले, मुलगी झाली, आणि चर्चमधल्या लोकांनी असली ऐहिक गाणी सोडायला सांगितली. तिने गिटार बाजूला ठेवली. ती जवळजवळ चाळीस वर्षे बाजूलाच राहिली.

नंतर वॉशिंग्टनमधल्या एका मोठ्या दुकानात काम करताना तिला एक चुकलेली मुलगी सापडली. तिने ती आईच्या हवाली केली. आई होती संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. पुढे कॉटनबाई सीगर कुटुंबाकडे घरकामाला लागल्या. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असे. एक दिवस त्या ती काढून वाजवत असताना मुलांनी ऐकले. चुकलेली मुलगी होती पेगी, आणि तिचा भाऊ तोच माइक सीगर, ज्याने पुढे रिडललाही शोधले.

पेगी मोठी होऊन इंग्लंडला गेली तेव्हा ‘फ्रेट ट्रेन’ तिच्याबरोबर गेले. तिथे दुसऱ्याच माणसांनी ते आपल्या नावावर नोंदवले आणि १९५७ साली ते लोकप्रिय झाले. दूर वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या त्या बाईच्या बालपणीच्या गाण्यावर परक्यांचे नाव लागले. सीगर कुटुंबाने तिची बाजू लढवली, तेव्हा तिचे नाव परत आले आणि रॉयल्टीचा काही वाटा मिळाला. दरम्यान माइकने तिचे वादन तिच्या घरीच ध्वनिमुद्रित केले आणि १९५८मध्ये फोकवेज कंपनीने तबकडी काढली. मोझेस ॲश याच्या या छोट्या कंपनीचा एक नेम होता: खप कितीही कमी असो, एकदा काढलेली तबकडी यादीतून काढायची नाही. १९८७मध्ये स्मिथसोनियन संस्थेने हा संग्रह घेतला, तोही याच अटीवर. मोठ्या कंपन्यांनी कधीच अडगळीत टाकली असती अशी दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे या हट्टामुळे आजही ऐकता येतात.

साठी ओलांडल्यावर कॉटनबाईंची मंचावरची कारकीर्द सुरू झाली. १९६७च्या ‘शेक शुगरी’ या तबकडीवरचे शीर्षकगीत त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी मिळून रचले होते आणि ते गायले त्यांच्या लहानग्या पणतीने. घरातल्या पोरांच्या कडव्यांनाही त्यांनी तबकडीवर मानाची जागा दिली. गाण्याच्या कमाईतून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये घर घेतले. १९८५मध्ये ग्रॅमी मिळाले, १९८७मध्ये त्या गेल्या.

जॉन प्राइन पुढच्या पिढीचा. तो १९४६ साली शिकागोजवळच्या मेवूडमध्ये जन्मला, पण आईवडील केंटकीच्या म्युलेनबर्ग परगण्यातले. गिटारच्या इतिहासात या कोळशाच्या मुलखाला मोठे स्थान आहे. आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय मजूर-वादक याच भागात वाजवत हिंडे. अंगठ्याने खर्जाचा ठेका आणि बोटांनी चाल, ही त्याची तऱ्हा स्थानिक खाणकामगारांनी उचलली. त्यांच्याकडून ती मर्ल ट्रॅव्हिसकडे आली आणि जगभर ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणून प्रसिद्ध झाली. शुल्ट्झ १९३१मध्ये वारला. त्याचे एकही ध्वनिमुद्रण नाही.

प्राइनला चौदाव्या वर्षी थोरल्या भावाने गिटार शिकवली. नंतर तो पोस्टमन झाला. टपाल वाटत चालताना तो मनात गाणी जुळवी, आणि शिकागोच्या बोचऱ्या वाऱ्यात टपालखात्याच्या मोठ्या पेटीत शिरून सँडविच खाई. एकाकी म्हातारी माणसे, युद्धावरून व्यसन घेऊन परतलेला सैनिक, असे लोक त्याच्या गाण्यांत आले. १९७१च्या पहिल्याच तबकडीत ‘पॅराडाइज’ हे गाणे आहे. ते त्याने वडिलांसाठी लिहिले, आणि विषय होता त्यांच्या मुलखातले कोळशाच्या खाणीने ओरबाडलेले गाव. ते गाव १९६७मध्ये प्रत्यक्षातही पाडले गेले होते.

दोन मोठ्या कंपन्यांसाठी गाऊन झाल्यावर १९८१मध्ये त्याने मित्रांबरोबर ‘ओ बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. भांडवल पुरवले श्रोत्यांनी. तबकडी तयार होण्याआधीच त्यांनी टपालाने पैसे पाठवले, आणि या माजी पोस्टमनची १९८४ची ‘एमलेस लव्ह’ त्या पैशांवर निघाली. १९९१च्या ‘द मिसिंग इयर्स’ला ग्रॅमी मिळाले. १९९८मध्ये मानेच्या कर्करोगाने आवाज खरखरीत आणि खोल झाला, तरी त्याने गाणे थांबवले नाही. २०१८ची ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचली. त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत वरचे स्थान, आणि तेही स्वतःच्या कंपनीतून. ७ एप्रिल २०२० रोजी कोविडने तो गेला.

प्राइन मोठ्या कंपन्या सोडून स्वतंत्र झाला. ॲनी डिफ्रँकोने त्यांच्या दारात पाऊलच ठेवले नाही. बफेलो शहरात ती नऊ-दहा वर्षांची असल्यापासून दारूच्या गुत्त्यांत आणि कॉफीगृहांत गात होती. १९९०मध्ये तिने पहिली कॅसेट स्वतः काढली आणि कार्यक्रमांच्या जागी, गाडीतून नेऊन विकली. तिच्या कंपनीचे नाव ‘रायचस बेब’. गिटारवर ती इतक्या जोराने वाजवते की नखे टिकत नाहीत. म्हणून ती बोटांवर खोटी नखे बसवून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळते. तारांवरच्या त्या आघातांतून तबल्या-ढोलकीसारखा ठेका निघतो. गर्दी वाढली तशा मोठ्या कंपन्या आल्या. तिने त्यांना नकार दिला. गाण्यांचे दोन्ही हक्क तिच्याकडेच राहिले.

पुढे तिने बफेलोतले एक जीर्ण, पाडण्याच्या बेतात असलेले चर्च वाचवून तिथे कंपनीचे कार्यालय आणि कार्यक्रमांचे सभागृह उभारले. जुन्या कामगार चळवळीतला गायक यूटा फिलिप्स याच्या आठवणी आणि किस्से तिने १९९६मध्ये आपल्या संगीतासह तबकडीवर आणले. तिच्या कंपनीने इतरांचीही गाणी काढली. अनाईस मिचेल या तरुण गायिकेने ग्रीक पुराणातल्या ऑर्फियसच्या कथेवर रचलेली ‘हेडीजटाउन’ ही गाणीमाला याच छोट्या कंपनीने २०१०मध्ये प्रसिद्ध केली, आणि तीत पाताळाच्या राणीचा आवाज डिफ्रँकोचा होता. २०१९मध्ये या गाणीमालेवरचे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले आणि त्याला आठ टोनी पुरस्कार मिळाले. २०२४मध्ये डिफ्रँको स्वतः त्याच राणीच्या भूमिकेत ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभी राहिली.