पत्र्याखालचा उकाडा आणि आपली त्वचा

मे महिन्यात गिरणाकाठच्या भडगावात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा आपण सगळा दोष हवेला देतो. घरातल्या उकाड्याचा मोठा वाटा मात्र भोवतालच्या तापलेल्या पृष्ठभागांचा असतो. सुमारे 34 अंश सेल्सिअसची आपली त्वचा दर चौरस मीटरमागे जवळजवळ 490 वॅट ऊर्जा अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने सतत बाहेर टाकते. भिंती 25 अंशांच्या असतील तर त्यांच्याकडून 440च्या आसपास परत येते. फरकाचे पन्नासेक वॅट अंगातून जातात आणि बरे वाटते. 60 अंशांपर्यंत तापलेला जुना, गंजका पत्रा त्वचेपेक्षा जास्त ऊर्जा खाली पाठवतो, आणि हिशेबच उलटतो. खानदेशातले जाड मातीचे धाब्याचे घर दुपारी सुसह्य वाटते, कारण त्याच्या छताची आतली बाजू इतकी तापतच नाही.

सावळी त्वचा जास्त उष्णता शोषते, हा आक्षेप उन्हापुरता खरा आहे, कारण मेलॅनिन दृश्य प्रकाश शोषते. पत्र्याकडून येणारी किरणे बहुतांशी 10 मायक्रोमीटरच्या आसपासची. त्यांच्यापुरती कोणत्याही वर्णाची त्वचा जवळजवळ काळीच, म्हणजे 97-98 टक्के शोषणारी आणि तितक्याच क्षमतेने उत्सर्जन करणारी असते. मग पंखा पुरेसा नाही का? वारा घाम सुकवतो, हे खरेच मोलाचे आहे. पण तो किरणे अडवत नाही, आणि हवा त्वचेहून गरम झाली की स्वतःच अंगाला उष्णता देतो. म्हणून पत्र्याला वरून चुना लावणे आणि खाली अंतर ठेवून दुसरे छत बांधणे, हा खर्च मी पंख्याच्या आधी धरेन.