‘अनलेस अँड अंटिल’ : एका इंग्रजी जोडीचा शुद्ध उपयोग

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दौंड तालुक्यांत, कुरकुंभ हें गांव आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत तेथें झाली आणि गांवाच्या परिसरांत रासायनिक द्रव्यांचे कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांत टाक्या, पाइप आणि व्हॉल्व्ह यांना तोटा नसतो, आणि त्यांवर लावावयाच्या सूचनांनाही नसतो. या सूचना इंग्रजींत लिहावयाच्या झाल्या, तर लिहिणाऱ्याची मातृभाषा बहुधा मराठी किंवा हिंदी असते. ‘अनलेस’ आणि ‘अंटिल’ या दोन इंग्रजी शब्दांच्या उपयोगांत त्याची जी चूक होण्याचा संभव आहे, तीच मुलांच्या निबंधांत, नोकरीच्या अर्जांत आणि घरभाड्याच्या करारांतही होते. म्हणून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींही ती नीट समजून घेतली पाहिजे.

समजा, एखादा व्हॉल्व्ह दाब शून्यावर आल्यावरच उघडावयाचा आहे. मराठींत सहजपणें म्हटलें जातें, ‘जोपर्यंत दाब शून्यावर येत नाहीं, तोपर्यंत व्हॉल्व्ह उघडूं नका.’ याचें शब्दास शब्द ठेवून इंग्रजी करणारा लिहितो, ‘डू नॉट ओपन द व्हॉल्व्ह अंटिल द प्रेशर इज नॉट झीरो.’ इंग्रजी ज्याची जन्मभाषा आहे अशा मनुष्यास या वाक्याचा अर्थ नेमका उलट लागतो : दाब शून्य नसेल अशी वेळ येईपर्यंत थांबा, आणि मग उघडा! ज्या वेळीं व्हॉल्व्हला हात लावूं नये, तीच वेळ हें वाक्य दाखवून देतें. त्यांतील दुसरा ‘नॉट’ काढून टाकला कीं वाक्य शुद्ध होतें.

असें कां व्हावें? ‘जोपर्यंत’ म्हणतांना मराठी मनुष्य मधला सर्व काळ डोळ्यांपुढें आणतो. त्या काळांत इष्ट गोष्ट घडलेली नसते. तेव्हां तेथें ‘नाहीं’ येणें स्वाभाविकच आहे. इंग्रजी ‘अंटिल’ त्या काळाच्या शेवटच्या टोकावर बोट ठेवतो. तेथें गोष्ट घडलेली असते, म्हणून नकाराला जागा उरत नाहीं. हिंदींतील ‘जब तक’ची रचनाही मराठीसारखीच असल्यामुळें हिंदी बोलणाऱ्यांचा पायही याच ठिकाणीं घसरतो.

‘अनलेस’चें कारण थोडें निराळें आहे. ‘इफ’ आणि ‘नॉट’ या दोहोंचा अर्थ या एका शब्दांत सामावलेला आहे. त्यापुढें आणखी एक ‘नॉट’ घातला, तर दोन नकारांचा होकार होतो. ‘डू नॉट एंटर अनलेस द टँक इज नॉट टेस्टेड’ याचा अर्थ ‘टाकी तपासलेली नसेल तरच आंत जा’ असा होईल. या दोन्ही शब्दांच्या आरंभीं दिसणारा ‘अन्’ मात्र ‘अनहॅपी’ या शब्दांतील नकारार्थी ‘अन्’ नव्हे. ‘अनलेस’ हा मूळच्या ‘ऑन लेस’ या शब्दांपासून, म्हणजे ‘याहून कमी अटीवर’ अशा अर्थापासून आला. आणि ‘अंटिल’चा पूर्वभाग जुन्या नॉर्स भाषेंतील ‘पर्यंत’ या अर्थाच्या शब्दाचा अवशेष आहे.

या चुकीवरचा उपाय मराठींतच आहे. ‘जोपर्यंत येत नाहीं’ याऐवजीं ‘येईपर्यंत’ असेंही आपण म्हणतों, आणि त्यांत नकार नसतो. ‘अंटिल’चा खरा प्रतिशब्द हाच. त्याचप्रमाणें ‘अनलेस’चें काम ‘आल्याशिवाय’, ‘तपासल्याशिवाय’ हीं रूपें बिनचूक करतात. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर आपल्याकडील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या रीतीनें भाषांतर करणाऱ्यानें आधीं मूळ मराठी वाक्य ‘ईपर्यंत’ किंवा ‘ल्याशिवाय’ या रूपांत बसवून घ्यावें आणि मगच इंग्रजीकडे वळावें. ‘नाहीं’ मराठींतच गळून पडलें, म्हणजे तें इंग्रजींत शिरण्याची भीति राहात नाहीं.

आतां या दोन शब्दांतील भेद पाहिला पाहिजे. ‘अंटिल’ काळ सांगतो, ‘अनलेस’ अट सांगतो. दौंड स्टेशनावर उतरणाऱ्या मुलास ‘गाडी थांबेपर्यंत उतरूं नकोस’ असें सांगावयाचें, तर ‘अंटिल द ट्रेन स्टॉप्स’ हें योग्य. कारण गाडी तेथें थांबणार हें ठरलेलेंच आहे, प्रश्न फक्त वेळेचा. ‘मीं हांक मारल्याशिवाय उतरूं नकोस’ येथें ‘अनलेस आय कॉल यू’ हें योग्य; हांक मारली जाईल किंवा जाणारही नाहीं. दोन्ही ठिकाणीं क्रियापद वर्तमानकाळीं आहे, हेंही लक्षांत ठेवावें. ‘अंटिल द ट्रेन विल स्टॉप’ अशी रचना अशुद्ध होय.

हे दोन शब्द आपआपलें काम कसें करतात, याचें उत्तम उदाहरण १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या, १९८७ सालीं सुधारलेल्या, ३६ व्या कलमांत सांपडतें. विषारी वायु, वाफ किंवा धूळ असण्याचा संभव असलेल्या बंदिस्त जागेंत माणसास पाठविण्यासंबंधीं तें कलम आहे. वायु काढून टाकण्याचे शक्य ते सर्व उपाय होईपर्यंत कोणासही आंत पाठवूं नये, असें सांगतांना तेथें ‘अंटिल’ योजिला आहे. पुढें ‘अनलेस’ घालून दोन पर्यायी अटी दिल्या आहेत : जाणकार व्यक्तीनें स्वतः तपासून लेखी दाखला दिलेला असावा, अथवा आंत जाणाऱ्यानें श्वसनाचें साधन व पट्टा धारण केलेला असून पट्ट्याच्या दोरीचें दुसरें टोक बाहेरच्या मनुष्याच्या हातीं असावें. एका शब्दानें वेळ बांधली, दुसऱ्यानें अट; आणि एकही ‘नॉट’ अधिक पडला नाहीं.

‘अनलेस अँड अंटिल’ अशी सबंध जोडी वापरावयाची, तर अट आणि वेळ हीं दोन्ही खरोखर सांगावयाचीं असलीं पाहिजेत. इंग्रजी प्रयोगांचे चिकित्सक फाउलर यांनीं १९२६ च्या आपल्या कोशांत या जोडीची गणना बहुधा अनावश्यक शब्दांत केली आहे. घरगुती पत्रव्यवहारांत दोहोंपैकीं एक शब्द पुरतो.

वाचणारा प्रसंगावरून अर्थ ओळखतोच, मग एवढी काटेकोर चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणेल. भाडेकराराच्या बाबतींत घरमालक व भाडेकरू एकमेकांचा हेतु कदाचित् ओळखतीलही. कारखान्यांत मात्र एकच पाटी अनेकजण वाचतात. लिहिणाऱ्याप्रमाणेंच चुकणारा कामगार ती पाटी बरोबर समजेल, आणि शुद्ध इंग्रजी जाणणारा नवा इंजिनिअर तिचा उलट अर्थ घेईल. त्या दोघांना टाकीपाशीं वाद घालण्यास सवड मिळेलच असें नाहीं. म्हणून पाटी रंगविण्यापूर्वीं लिहिणाऱ्यानें आपलें इंग्रजी वाक्य ‘ईपर्यंत’ किंवा ‘ल्याशिवाय’ घालून पुन्हां मराठींत करून पाहावें. ‘दाब शून्य नसेपर्यंत उघडूं नका’ असें वाक्य समोर आलें, तर चूक कोठें आहे हें त्याचें त्यालाच दिसेल.