जुने साचे, नवे गिऱ्हाईक
रेडिओवर चालणाऱ्या बग्गी गाड्यांचा धंदा आणि त्यातील कारागिरी

एखादा माल बाजारातून उठला की त्याची डाय भंगारवाल्याला वजनावर द्यायची, ही लहान कारखान्यांची नेहमीची रीत आहे. जागा अडते, भांडवल अडकते, म्हणून ती चुकीची आहे असेही म्हणता येत नाही. परंतु जपानमधील शिझुओका शहरातील तामिया कंपनीने वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बंद केलेला माल पुन्हा काढला आणि तो जगभर खपविला. हा माल म्हणजे रेडिओवर चालणाऱ्या बग्गी गाड्यांचे सुटे संच. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना या धंद्यातून घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून त्याची माहिती येथे देत आहोत.

लाकडाच्या वखारीपासून सुरुवात

योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकूड कापण्याचा व विकण्याचा धंदा सुरू केला. हाताशी लाकूड होतेच, म्हणून पुढच्याच वर्षी जहाजांच्या व विमानांच्या लाकडी प्रतिकृती बनविण्याचा विभाग काढला. १९५३ साली इमारती लाकडाची विक्री बंद करून त्यांनी प्रतिकृतींवरच लक्ष दिले. पुढे परदेशी प्लॅस्टिकचे संच येऊ लागले आणि लाकडी मालाचा खप घटला. तेव्हा कंपनीने 'यामातो' या युद्धनौकेचा प्लॅस्टिक संच काढला. पण प्रतिस्पर्ध्याच्या किमतीला किंमत जुळवावी लागल्याने साच्याचा खर्चही सुटला नाही. त्यानंतर काढलेल्या पँथर रणगाड्याने कंपनीला हात दिला.

रेडिओ गाडीचा जन्मही असाच साच्याच्या खर्चातून झाला. योशिओ यांचे चिरंजीव शुनसाकू तामिया (निधन २०२५) यांनी पोर्शे गाडीची हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी खरी पोर्शे विकत घेऊन ती खोलून पाहिली होती. इतका खर्च नुसत्या शोभेच्या संचातून निघेना. तेव्हा त्याच बॉडीखाली मोटर, बॅटरी व रेडिओ बसवून १९७६ साली चालणारी पोर्शे ९३४ बाजारात आणली. एका साच्यातून दोन प्रकारचा माल काढण्याची ही युक्ती कंपनीला फार मोठ्या बाजारात घेऊन गेली.

बग्गींचा काळ आणि त्यांचे पुनरागमन

१९७९ साली 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या बग्गी आल्या. १९८३ साली 'फ्रॉग', १९८४ साली 'ग्रासहॉपर' व 'हॉर्नेट', १९८५ साली चारही चाकांना जोर देणारी 'हॉटशॉट' आणि १९८८ साली महागडी 'अवांते' आली. अमेरिकेत असोसिएटेड कंपनीची 'आरसी१०' १९८४ साली निघाली. जपानच्याच क्योशो कंपनीची 'स्कॉर्पिअन' १९८२ची.

हा माल पुढे मागे पडला. शर्यतीच्या नव्या गाड्या आल्या आणि जुन्या बंद झाल्या. मात्र ज्या मुलांनी त्या काळी या गाड्या चालविल्या, किंवा दुकानाच्या काचेतून नुसत्या पाहिल्या, ती आता कमावती झाली होती. हे गिऱ्हाईक ओळखून तामियाने २००४ साली हॉर्नेट, २००५ साली ग्रासहॉपर व फ्रॉग, २००७ साली हॉटशॉट, २००९ साली रफ रायडर ('बग्गी चॅम्प' या नावाने), २०१० साली सँड स्कॉर्चर आणि २०११ साली अवांते पुन्हा काढली. असोसिएटेडने २०१३ साली आरसी१० आणि क्योशोने २०१४ साली स्कॉर्पिअन आणली.

मालाचे रूप जुनेच ठेवले, पण जेथे जुने सामान त्रास देत असे तेथे सुधारणा केली. पूर्वी वेग कमी-जास्त करण्यासाठी एक लहान सर्व्हो मोटर तांब्याच्या पट्ट्यांवरून संपर्क सरकवीत असे. कमी वेगात जादा वीज रोधकातून जाऊन उष्णतेच्या रूपाने वाया जाई आणि संपर्क जळत. आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मोटरचा प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे वेग सलग वाढतो आणि बॅटरी वाचते. रेडिओही बदलला आहे. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर दोघांचे क्रिस्टल एकच निघाले तर एकाची गाडी दुसऱ्याच्या हातात जाई. २.४ गिगाहर्ट्झच्या संचात ट्रान्समीटर व रिसिव्हर आपसांत जोडलेले असतात, त्यामुळे ती अडचण उरलेली नाही.

बांधणी कशी करावी

हॉर्नेटचा संच उदाहरणादाखल घेऊ. ही मूळ गाडीच्या एकदशांश मापाची, सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची बग्गी आहे. तळ एबीएस प्लॅस्टिकचा, टबासारखा आहे. मागचा गिअरबॉक्स आणि अॅक्सल एकत्र असून मोटरही त्यातच बसते. ग्रासहॉपरची रचना हीच; फरक असा की तिच्यात लहान ३८० मोटर असते, हॉर्नेटमध्ये मोठी ५४० मोटर.

पहिली गोष्ट, सर्व पिशव्या एकदम फोडू नयेत. पुस्तिकेत ज्या पायरीला जी पिशवी सांगितली तेवढीच उघडावी. प्लॅस्टिकचे भाग पकडीने कापावेत आणि राहिलेला टोक धारदार सुरीने साफ करावा. गिअरवर असा टोक राहिला तर गाडी आवाज करते आणि दाते लवकर झिजतात.

दुसरी गोष्ट स्क्रू ड्रायव्हरची. जपानी स्क्रूची चौफुली जपानी मापाची असते. साधा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोके खराब करतो. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू हातानेच फिरवावा, ड्रिल मशीन लावू नये. उघडून पुन्हा बसविताना स्क्रू आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्यात बसल्याची 'टक्' लागली की मग आवळावा. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉक लावावे, पण त्याचा थेंब प्लॅस्टिकला लागू देऊ नये, कारण त्याने प्लॅस्टिक तडकते.

तिसरी गोष्ट बेअरिंगची. संचासोबत बहुधा साधे बुश येतात. त्यांच्या जागी छऱ्यांची बेअरिंगे घातली तर गाडी हलकी धावते आणि माती बुशात शिरून छिद्र मोठे होत नाही. या गाड्यांत ११ × ५ × ४ मिलिमीटरचे माप नेहमी लागते. अशी मापे लिहून बेअरिंगच्या दुकानात नेली तर कंपनीच्या पाकिटापेक्षा स्वस्तात काम होते. ग्रीस गिअरच्या दात्यांना लावावे, उघड्या सांध्यांना नाही. तेथे धूळ चिकटून सांधाच घासला जातो.

चौथी गोष्ट, मोटरच्या दांड्याची सपाट बाजू पाहून पिनियनचा ग्रब स्क्रू बरोबर त्यावर आवळावा. मोटर गिअरबॉक्सच्या आत असल्याने तो सैल झाला तर मागचा सारा भाग पुन्हा खोलावा लागतो. तसेच स्टिअरिंगचा सर्व्हो रेडिओ चालू करून आधी मध्यावर आणावा आणि मगच त्याचा हात बसवावा.

पाचवी गोष्ट रंगाची. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि रंग आतून लावतात. म्हणून क्रम उलटा होतो : गडद रंग आधी, फिका नंतर. बॉडी साबणाने धुऊन वाळवावी आणि पॉलिकार्बोनेटसाठीचाच रंग वापरावा. दुसरा रंग वाकल्यावर सोलून निघतो. बाहेरचा संरक्षक पापुद्रा काम संपल्यावरच काढावा. ग्रासहॉपरची बॉडी कठीण प्लॅस्टिकची असून तिला बाहेरून रंगवितात.

चालविण्याचे तंत्र

नियम साधा आहे : ट्रान्समीटर आधी चालू करावा आणि शेवटी बंद करावा. उलट केले तर गाडी भलत्याच दिशेला सुटू शकते.

या बग्गीला मागच्या चाकांचाच जोर आणि मागचाच ब्रेक असतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, मग चाके वळवावीत आणि तोंड सरळ होऊ लागले की हळू जोर द्यावा. वळणात एकदम जोर दिला तर मागचा भाग फिरून गाडी उलटी उभी राहते. खडबडीत जागी हॉर्नेट मागून उड्या मारते. मोटर, गिअरबॉक्स आणि अॅक्सल हे सारे वजन एकत्र वरखाली होत असल्याने धक्का शोषला जात नाही. हा मूळ रचनेचाच गुण आहे; जुन्या गिऱ्हाइकाला तोच आवडतो.

७.२ व्होल्टची, सहा सेलची बॅटरी लागते. ३००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी आणि सरासरी १० ते १२ अँपिअरचा खर्च धरला तर १५ ते १८ मिनिटे गाडी चालते. त्यानंतर मोटर थंड होऊ द्यावी. कंट्रोलरला लिथियम बॅटरी कमी झाल्यावर प्रवाह तोडण्याची सोय नसेल तर तशी बॅटरी मुळीच वापरू नये. ती फुगते आणि पेटूही शकते.

धंद्याच्या दृष्टीने

या मालात लक्षात ठेवण्याजोग्या चार गोष्टी आहेत.

एक : गाडीपेक्षा सुट्या भागांना महत्त्व आहे. पुढचे हात, चाके, गिअर, बॉडी हे भाग मिळत राहिले म्हणूनच गिऱ्हाईक परत येते. ज्याच्याजवळ चार गाड्या आहेत पण एकही सुटा भाग नाही, त्याचा धंदा पहिल्या मोडतोडीला थांबतो. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला मात्र येथे कायमचे काम आहे.

दोन : साठा करून भाव वाढण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे. हा माल खेपेखेपेने निघतो. खेप संपली की भाव चढतो, पण पुढची खेप केव्हा येईल हे कारखान्याच्या हातात असते. ती आली की महाग भावाने भरलेला साठा अंगावर पडतो. मूळ जुन्या गाड्यांच्या बाबतीतही पुनर्निर्मितीमुळे हाच धक्का बसू शकतो.

तीन : जुना कोणता आणि पुन्हा काढलेला कोणता, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. दोहोंच्या किमतीत फरक असतो आणि भाग पुष्कळदा एकमेकांत बसतात, त्यामुळे फसवणूक सोपी आहे. खोक्यावरील क्रमांक, स्टिकरवरील बदललेल्या जाहिराती आणि वेग-नियंत्रकाची रचना यांवरून फरक ओळखता येतो. जुन्या गाडीत किती भाग नवे घातले ते पावतीवर लिहून द्यावे. ऐब सांगून विकलेल्या मालावर भांडण होत नाही आणि तेच गिऱ्हाईक आणखी दोघांना घेऊन येते.

चार : आयातीचा हिशेब आधी करावा. भारतात खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के करण्यात आले. २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्रही सक्तीचे आहे. प्रतिकृती आणि खेळणी सीमाशुल्काच्या एकाच सदरात येतात. रेडिओ संचाला वेगळी मंजुरी लागते आणि लिथियम बॅटरीवर विमानाने पाठविण्याचे निर्बंध आहेत. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी क्लिअरिंग एजंटाकडून आजचे दर व नियम लेखी घ्यावेत.

आपल्या कारखानदारांनी यातून घ्यावयाची गोष्ट वेगळीच आहे. बंद मालाची डाय मोडीत काढण्याआधी तिला तेल लावून, नाव व साल लिहून काही वर्षे ठेवता येईल का याचा विचार करावा. निदान तिचे नकाशे आणि पहिला नमुना तरी जपून ठेवावा. सर्वच जुना माल पुन्हा खपत नाही. पण ज्या मालाने कोणाचे तरी बालपण गेले आहे, त्याचे गिऱ्हाईक वीस वर्षांनी खिशात पैसे घेऊन परत येऊ शकते, आणि त्या वेळी साचा ज्याच्याजवळ असेल त्यालाच ते मिळते.