रेडिओची खरखर काय सांगते?

वारज्यातील कोणत्याही इमारतीत बॅटरीवरचा छोटा रेडिओ मीडियम वेव्हवर, दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावा. ऐकू येणारी खरखर बरेचदा घरातलीच असते. मिक्सरचे कार्बन ब्रश, एलईडी दिव्यातील सर्किट किंवा बटणातला सैल जोड यांत विद्युतप्रवाह झटक्यांनी बदलतो व रेडिओलहरी निघतात. हर्ट्झने १८८७ मध्ये ठिणगीतूनच अशा लहरी निर्माण केल्या होत्या.

या रेडिओचे शोधयंत्र करता येते. पेटीतील आडव्या फेराइट दांडीभोवती येतील असे इन्सुलेटेड तारेचे आठ-दहा वेढे पेटीवर बाहेरूनच गुंडाळा. उरलेली मीटरभर दुहेरी तार पीळ देऊन टोकाला तेवढ्याच वेढ्यांचे वेटोळे जोडा. ते भिंतीवरील बोर्डापासून वीतभर अंतरावर फिरवा. तार विजेच्या जोडणीला मुळीच लावू नका. एकेक उपकरण बंद करा. ज्याने खरखर थांबेल, तेच तिचे उगमस्थान. बटण चालू असताना सतत तडतड येत असेल, तर सैल जोड तापून आग लागू शकते, वायरमनला दाखवा.

नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातील क्षीण रेडिओलहरी टिपतात. त्यांच्यासाठी शहरापासून दूरची जागा का निवडली, हे विद्यार्थ्यांना आता सहज उमजेल.