मुंबईचा हवामान आराखडा : करार आणि अंमल

बुलढाण्याच्या घाटावर बसून मुंबईच्या आराखड्याची चर्चा कशासाठी करावयाची, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर आपल्या चिखली, मेहकर, लोणार भागांतील कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईत राहतात. तेथे पाणी तुंबले की त्यांचा रोज बुडतो, आणि रोज बुडाला की इकडे घरी येणारे पैसे कमी होतात. दुसरे असे की, मुंबईने केला तसा आराखडा आज ना उद्या आपल्या नगरपरिषदांपुढेही येईल. तो आल्यावर वाचावा कसा, हे आधी शिकून ठेवलेले बरे.

कामगार-संघटनेच्या कामात करारनामे करता करता मी एक साधी गोष्ट शिकलो. करारावर सह्या होतात त्या दिवशी गुलाल उधळला जातो. परंतु कामगाराच्या घरात त्या दिवशी काहीच बदलत नाही. कराराचे कलम पगारपत्रकात उतरते तेव्हाच करार झाला असे म्हणावयाचे. शहराच्या आराखड्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

प्रथम करार काय झाला ते पाहू. मुंबई महानगरपालिकेने १३ मार्च २०२२ रोजी आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस जाळल्याने व कचरा कुजल्याने जे वायू हवेत जातात, ते पृथ्वीभोवती पांघरुणासारखे साचून उष्णता वाढवितात. मुंबईने २०१९ हे वर्ष आधाराला धरून त्या वर्षीचा हिशेब मांडला, तो सुमारे २ कोटी ३४ लाख टन भरला. हे प्रमाण २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी व २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनी कमी करावयाचे, आणि २०५० पर्यंत नक्त शून्यावर आणावयाचे, असे ठरले. नक्त शून्य म्हणजे जेवढे वायू सोडले तेवढेच झाडांनी वा अन्य मार्गांनी शोषले जाणे. भारत सरकारने २०२१ मध्ये ग्लासगो येथे देशासाठी २०७० ही मुदत सांगितली होती. मुंबईने स्वतःस वीस वर्षे अलीकडची मुदत घालून घेतली. कचरा, हिरवाई, पूर व पाणी, इमारतींतील ऊर्जा, हवेची शुद्धता आणि वाहतूक, अशी सहा कलमे या कराराची आहेत.

आता अंमल पाहू. येथे पहिली अडचण अशी की, सर्वांत मोठे कलम महापालिकेच्या हातातच पुरते नाही. मुंबईच्या हिशेबात ७२ टक्के वाटा घरे, दुकाने, कारखाने यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आहे. वाहतुकीचा २० टक्के आणि कचऱ्याचा ८ टक्के. आराखडा झाला तेव्हा मुंबईची बहुतेक वीज कोळशावर होत होती. शेगावहून अकोल्याकडे जाताना पारसची आणि मलकापूरहून पुढे गेल्यावर भुसावळजवळ दीपनगरची धुराडी आपण आगगाडीतून पाहतो. तशीच मुंबईकरिता ट्रॉम्बे व डहाणू येथे आहेत. कोणत्या केंद्रात कोळसा जाळावयाचा आणि तो केव्हा थांबवावयाचा, हे वीज कंपन्या, राज्य सरकार आणि वीज नियामक आयोग ठरवितात. महापालिका फार तर आपल्या इमारतींवर सौर पत्रे बसवील, दिवे बदलील आणि बांधकामाचे नियम कडक करील. म्हणून तीस टक्क्यांचे वचन पाळले जाते की नाही, हे पुष्कळसे महापालिकेच्या बाहेर ठरणार आहे.

दुसरे कलम पैशाचे. ५ जून २०२४ रोजी महापालिकेने आपला पहिला हवामान अर्थसंकल्प प्रसिद्ध केला. ही पद्धत ऑस्लो शहराने २०१६ मध्ये सुरू केली. त्यात मुंबईने २०२४-२५ सालच्या भांडवली खर्चापैकी सुमारे १०,२२४ कोटी रुपये, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के, हवामानाशी संबंधित असल्याचे दाखविले. आकडा मोठा आहे. पण तो नीट वाचला पाहिजे. ही वेगळी थैली नव्हे. नेहमीच्या अर्थसंकल्पातीलच कोणती कामे हवामानाच्या उपयोगी पडतात, ते वेचून त्यांवर चिठ्ठी लावलेली आहे. चिठ्ठी लावणे वाईट नाही, त्यामुळे हिशेब मागता येतो. परंतु मंजूर झालेला रुपया, खर्च झालेला रुपया आणि त्या रुपयाने कमी झालेला धूर, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अहवालांत पहिलीच ठळक असते. आपण तिसरी विचारावयाची.

पुराच्या कलमात काम दिसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतर नाले रुंद करणे व उदंचन केंद्रे बांधणे यांस जोर आला. परळच्या हिंदमाता भागात पाणी साठविण्यासाठी जमिनीखाली टाक्या बांधल्या गेल्या. असे असूनही २६ मे २०२५ रोजी पाऊस लवकर आला, तेव्हा वरळीच्या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. जुन्या पावसाचे माप घेऊन बांधलेली शहरे नव्या पावसापुढे अपुरी पडतात, असा याचा अर्थ.

वाहतुकीचे कलम आम्हा कामगार-कार्यकर्त्यांच्या जिव्हाळ्याचे. ज्या मुंबईत १९०७ पासून विजेची ट्राम धावत होती आणि १९६४ मध्ये ती बंद करण्यात आली, त्याच मुंबईत आज विजेच्या बसगाड्यांचा गौरव होत आहे! गौरव योग्यच आहे. आराखड्यानंतर अशा गाड्या वाढल्या, आणि २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पुरी झाली. परंतु त्याच काळात बेस्टच्या ताफ्यातील एकूण गाड्या घटल्या आणि बऱ्याचशा ठेकेदारांच्या हाती गेल्या. थांब्यावर अर्धा तास उभा राहिलेला माणूस अखेर दुचाकी घेतो. मग गाडी विजेची असून धूर कमी कसा होणार? ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात ठेक्यावरील विजेच्या बसने अनेकांचे प्राण घेतले, तेव्हा चालकाला या नव्या गाडीचे पुरेसे शिक्षण दिले होते काय, हा प्रश्न उभा राहिला. नवे यंत्र आणावयाचे आणि ते चालविणाऱ्याच्या शिकवणीत काटकसर करावयाची, ही प्रगती नव्हे.

पावाच्या भट्ट्यांचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. धूर सर्वांत जास्त भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराच्याच छातीत जातो, तेव्हा या हुकमाचे स्वागतच केले पाहिजे. मात्र भट्टी बदलण्याचा खर्च छोट्या मालकाला झेपला नाही, तर ती बंद पडते आणि तोच कामगार रस्त्यावर येतो. बदलाचा खर्च कोणी सोसावयाचा, हे कलम आराखड्यात स्पष्ट लिहिलेले असावयास हवे.

आणखी एक गोष्ट. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि आराखडा आला १३ मार्चला. पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. म्हणजे अंमलाची पहिली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. सभागृहात उभे राहून ‘माझ्या वॉर्डात काय झाले?’ असे विचारणारा निवडून आलेला माणूसच नव्हता. करार झाला आणि कामगारांचा प्रतिनिधीच नाही, अशी ही स्थिती होती. आता प्रतिनिधी आले आहेत; त्यांनी विचारले पाहिजे.

हेच आपल्यालाही लागू आहे. आपल्या जिल्ह्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. २०२० पासून राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे, त्यात गावांना गुण आणि बक्षिसे मिळतात. बक्षिसाचे स्वागत करून पुढचे प्रश्न विचारावेत. बुलढाणा शहर ज्या येळगाव धरणाचे पाणी पिते, त्यातला गाळ किती निघाला? लावलेल्या झाडांपैकी तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली?

आणि घाटाखालच्या उन्हाचे काय? अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शेकडो माणसे दगावली; त्यावरून शहाणपण घेऊन त्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा आराखडा केला. आगाऊ सूचना, पिण्याचे पाणी, सावली, दवाखान्यांची तयारी, अशी त्यातील कामे फार खर्चाची नाहीत. खामगाव-मलकापूरच्या बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाला आणि रस्ता झाडणाऱ्या बाईला मे महिन्यात दुपारी बारा ते चार सुटी, आणि त्या चार तासांची मजुरी न कापण्याची हमी, एवढे एक कलम जरी आपल्या नगरपरिषदांनी आणि बाजार समित्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी अंमलात आणले, तरी आपला आराखडा सुरू झाला असे मी समजेन.