हजेरीपट काय सांगतो?

रोज सकाळी वर्गशिक्षक तुमचे नाव पुकारतात आणि तुम्ही 'हजर' असे उत्तर देता. हा शब्द तुम्हांला परका वाटत नाही. तुमच्या उर्दूतला 'हाजिर' तोच मराठीतला 'हजर'. 'गैरहजर', 'दप्तर', 'दाखला' हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. शाळेच्या रोजच्या कामात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा अशा हातात हात घालून चालतात.

ज्या वहीत ही हजेरी लिहिली जाते, तिला हजेरीपट म्हणतात. तुम्हांला वाटेल, या वहीत वाचण्यासारखे काय आहे? नावे आणि खुणा, एवढेच तर आहे! पण जाणता शिक्षक हा पट एखाद्या पुस्तकासारखा वाचतो. कोणता मुलगा दर बाजाराच्या दिवशी घरी राहतो, कोणती मुलगी घरात लहान बाळ आल्यापासून दिसत नाही, कोणत्या गावची मुले पाऊस पडला की येत नाहीत, हे सारे त्या खुणांवरून समजते.

प्रथम थोडा हिशेब करू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षातून निदान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. समजा, एखादा विद्यार्थी महिन्यातून फक्त दोन दिवस शाळा बुडवतो. दोन दिवस म्हणजे काही फार नव्हेत, असे त्याला वाटते. पण वर्षाअखेरीस या दिवसांची बेरीज वीसच्या आसपास जाते. म्हणजे जवळजवळ एका महिन्याची शाळा बुडाली! अमेरिकेत शाळेच्या एकूण दिवसांपैकी दहावा हिस्सा ज्याचा बुडाला, त्या विद्यार्थ्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे शिक्षणखाती मानतात. २२० दिवसांचा दहावा हिस्सा म्हणजे २२ दिवस.

बुडालेला दिवस एकटा जात नाही. गणिताच्या तासाला अपूर्णांकांचे छेद समान करायला शिकवले आणि त्या दिवशी तुम्ही नव्हता, तर दुसऱ्या दिवशीची बेरीज कळत नाही. बेरीज कळली नाही म्हणून पुढचे समीकरण अडते. काही दिवसांनी वर्गात बसूनही काही समजत नाही आणि मग शाळेत जाण्याची इच्छाच कमी होते. गैरहजेरीतून मागे पडणे आणि मागे पडल्यामुळे पुन्हा गैरहजेरी, असे हे चक्र आहे.

मग मुले शाळा का बुडवतात? आळस हे एक कारण असते. पण ते सर्वांत मोठे नव्हे. कोणाच्या घरी सकाळी चूल पेटलेली नसते. कोणाची शाळा लांब असते. कोणाला शेतात किंवा कारखान्यात हात लावावा लागतो. यंत्रमागांच्या गावात एखादा मुलगा कांड्या भरायला बसतो. एखादी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते. कोणी आजारी असतो, तर कोणाला गृहपाठ न झाल्यामुळे शिक्षेची भीती वाटते. कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे हवेत.

जुन्या काळी राज्यकर्त्यांनी पहिला उपाय केला तो सक्तीचा. नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड पुढे बडोदे संस्थानचे महाराज झाले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया ही गरिबाच्या दृष्टीने मोठी रक्कम होती.

परंतु नुसत्या दंडाने काम होणार नाही, हे शाहू महाराज जाणून होते. खेड्यातल्या मुलाने शहरात येऊन शिकायचे, तर त्याने राहायचे कोठे आणि जेवायचे काय? म्हणून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास मदत केली. १९०६ मध्ये सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग हे त्यांपैकीच एक. दंड मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो; पण त्याला शाळेत टिकवायचे असेल, तर त्याची अडचण दूर करावी लागते. ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शहरांत हे काम महानगरपालिका आणि नगरपालिका करतात. त्यांच्या शाळांत मराठीप्रमाणे उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी असतात, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि काही शाळा मिळून एक केंद्रप्रमुख. वर्गातल्या हजेरीपटावरचे आकडे मुख्याध्यापकांकडून या पायऱ्यांनी वर जातात. कोठे मुले कमी येतात हे कळले, की तेथे काय करायचे ते ठरवता येते.

भुकेचा प्रश्न पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू झाली. आरंभी अनेक ठिकाणी, महिन्यातून ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळत असे. पण घरी नेलेले धान्य साऱ्या कुटुंबात वाटले जाई. मुलाच्या ताटात किती पडते, याचा नेम नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना शाळेतच शिजवलेले अन्न द्यावे. मग शाळाशाळांतून खिचडी शिजू लागली. पुढे ही योजना आठवीपर्यंत वाढवली गेली. दुपारचे जेवण शाळेतच मिळते, म्हणून भुकेल्या मुलाला घरी पळावे लागत नाही आणि दुपारच्या तासालाही वर्ग भरलेला राहतो.

मुलींसाठी वेगळा विचार झाला. दारिद्र्यरेषेखालील मागासवर्गीय कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ मध्ये राज्याने उपस्थिती भत्ता सुरू केला. शाळेत आलेल्या प्रत्येक दिवसाला एक रुपया! रक्कम लहान होती. परंतु मुलीचे शाळेत जाणे हे शासनाच्या लेखी मोलाचे आहे, हे तिने घराघरात सांगितले. मुली मोठ्या झाल्या, की अंतराचा प्रश्न येतो. गावात सातवीपर्यंतच शाळा असली आणि पुढची शाळा पाच किलोमीटरवर असली, तर काळजीपोटी आईवडील मुलीला घरीच ठेवतात. म्हणून ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या आणि त्यांना शाळेत नेण्या-आणण्यासाठी निळ्या बसगाड्या सुरू झाल्या.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागातून दरवर्षी हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊस तोडण्यासाठी साखर कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. नवराबायकोची जोडी मिळून काम करते. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून त्यांनी आधीच उचल घेतलेली असते, म्हणून जाणे टाळता येत नाही. आईवडिलांबरोबर मुलेही जातात. जूनमध्ये शाळेत आलेला मुलगा सहामाहीनंतर कोपीत राहू लागतो. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, स्वयंपाक करते. परत येईपर्यंत वर्गाचा अभ्यास संपत आलेला असतो.

यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना निघाली. मुलांनी गावातच, आजीआजोबांजवळ किंवा नातेवाइकांकडे राहावे आणि त्यांच्या जेवणाची सोय शाळेच्या व्यवस्थेतून व्हावी, अशी ही कल्पना आहे. जी मुले तरीही बाहेरगावी जातात, त्यांना शिक्षण हमी कार्ड दिले जाते. ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येते. शिक्षणहक्क कायद्यानुसार, दाखला हाती नाही म्हणून कोणतीही शाळा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही. तरीही हे काम सोपे नाही. वसतिगृह वेळेवर सुरू झाले नाही, तर आईवडील वाट पाहत थांबत नाहीत. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर निघाला, की मूल त्यात बसते. उपाय चांगला असून भागत नाही; तो वेळेवर पोहोचला पाहिजे.

आता तुमच्याकडे वळू. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे नववी-दहावीत गेल्यावर तुम्हांला शाळेत ठेवण्याची कायद्याची सक्ती संपते. नेमक्या याच वयात तुमच्या हातात बळ येते आणि "आता कामाला लाग" असे कोणीतरी म्हणू लागते. दुपारचे जेवणही आठवीनंतर बंद होते. म्हणून सर्वांत जास्त मुले गळण्याचा धोका असतो तो याच वळणावर. आतापर्यंत तुम्हांला कायद्याने धरले होते; यापुढे तुम्हीच स्वतःला धरायचे आहे.

दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. पण हा नियम म्हणजे पंचावन्न दिवस घरी बसण्याची परवानगी नव्हे. ती शेवटची मर्यादा आहे, चांगल्या अभ्यासाचे माप नव्हे.

मग काय करावे? आजारी पडलात, तर त्याच दिवशी शाळेत निरोप पाठवा. बरे झाल्यावर मित्राची वही घ्या. पण नुसती उतरवू नका, न समजलेले शिक्षकांना विचारा. घरी अडचण असेल, तर ती मनात ठेवू नका. शिक्षकांना सांगायला लाजू नका, कारण बहुतेक वेळा त्यांना कारणच माहीत नसते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तुमच्या अम्मी-अब्बांनाही तेथे आपले म्हणणे मांडता येते.

आणि समजा, पाय घसरला, तरी वाट संपत नाही. दहावीत नापास झालेल्यांसाठी २०१५ पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा घेतली जाऊ लागली. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते. अशा वाटेने परत आलेल्यांना लाज वाटण्याचे कारण नाही.

आणखी एक काम तुम्हीच करू शकता. शेजारचा बाक तीन दिवस रिकामा दिसला, तर त्याच्या घरी जाऊन या. शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत आकडा पोहोचायला वेळ लागतो. मित्र संध्याकाळी पोहोचतो. "तू का आला नाहीस?" असे आपल्याला कोणीतरी विचारले, आपली जागा रिकामी असल्याचे कोणाच्या तरी लक्षात आले, एवढ्यानेच पुष्कळ मुले दुसऱ्या दिवशी दप्तर उचलतात.

उद्या तुमचे नाव पुकारले जाईल तेव्हा 'हजर' म्हणाच. पण ज्याच्या नावापुढे कोणी उत्तर देत नाही, त्याचे नावही लक्षपूर्वक ऐका.